एका माणसामागे पाच ओळी

अगं,

ऑफर लेटर वाचलं. पगाराचा आकडा पाहून बरं वाटलं, पण तू लाल गोल केलास तो भलत्याच ओळीभोवती: ‘५ लाखांचं मेडिक्लेम, आईवडिलांसह.’ आणि खाली तुझं वाक्य, ‘मॅडम, आता आईच्या शुगरची काळजी मिटली.’ पेढे मी खाईनच. पण त्या वाक्यापाशी अडखळले, म्हणून फोन न करता लिहायला बसले.

तू इंटर्न म्हणून आलीस त्याच्या आधीची गोष्ट, २०२०चा जून. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी एचआर बघत होते. कुठला ते जाऊ दे. टाळेबंदीत ऑर्डरी आटल्या आणि ४१ जणांची यादी माझ्याकडे आली. पत्रं गेली, फोन आले, ते सगळं आता पुसट झालंय. डोळ्यांसमोर राहिलीय ती एक्सेल शीट. महिनाअखेरीला विमा कंपनीला ‘ॲडिशन-डिलिशन’ पाठवायचं असतं, म्हणजे नवे जोडायचे आणि गेलेले वगळायचे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मागे कुकरच्या शिट्ट्या. नोकरी एकाची गेलेली, पण शीटमध्ये त्याच्या ओळी पाच: तो, बायको, मुलगा, आई, वडील. सगळ्यांपुढे एकच तारीख. कुणाच्या तरी ७४ वर्षांच्या आईपुढे ‘डेट ऑफ लीव्हिंग’ भरताना माझा हात थांबला. ती बाई कुठे नोकरीला होती?

त्यातल्या एकाच्या वडिलांची अँजिओप्लास्टी करोनामुळे पुढे ढकललेली होती. त्याला दोन महिन्यांचा पगार देऊन त्याच दिवशी मोकळं केलं. त्याची समजूत अशी की दोन महिन्यांचे पैसे मिळालेत तर मेडिक्लेमही तेवढं चालेल. भलेभले इथे फसतात. नोटीस पिरियडऐवजी पैसे घेतलेस तर पैसे दोन महिन्यांचे मिळतात, विमा मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो. त्यामुळे कधी वेळ आलीच, तर पैशांआधी तारखेवर बोल. ‘पैसे नकोत, नोटीस पिरियडभर मला पटावर ठेवा’ असं म्हणता येतं. ऐकतीलच असं नाही, पण मागणारेच फार कमी असतात.

वर्षाचा हप्ता भरलेला आहे, रिन्यूअलपर्यंत नावं राहू द्या, असं मी वरिष्ठांना म्हणून पाहिलं. उत्तर आलं की नाव वगळलं की उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मिळतो. मिळतो, खरंय. पण आमच्या पॉलिसीत ज्या कुटुंबाने त्या वर्षी क्लेम घेतला होता, त्याचा परतावा शून्य होता. म्हणजे जी घरं आधीच आजारपणातून गेली होती, त्यांची नावं कापून कंपनीच्या हाती काहीच लागणार नव्हतं. तरी कापली, आणि कापणारी मीच.

माझं आणखी एक चुकलं. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, कुटुंबासकट. कंपनी तपासणी करते, हप्ता आपला आपण भरायचा, पण ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायच्या मुदतीत, धरली जातात. हा नियम तेव्हाही होता. मला तो धड माहीत नव्हता, म्हणून ४१ पैकी एकालाही सांगितला नाही. तसंच राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना मे २०२०मध्ये पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली झाली होती, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. अँजिओप्लास्टी रखडलेल्या त्या वडिलांच्या मुलाने मात्र जुलैत निघालेलं ‘कोरोना कवच’ घेतलं, जे फक्त करोनासाठी होतं. वडिलांच्या हृदयाचा खर्च पीएफमधून गेला.

गंमत बघ, आमच्या कँटीनमधल्या पोऱ्याचं त्याच्यापेक्षा बरं चाललं होतं. पगार २१ हजारांच्या आत, म्हणून तो ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात. तिथे ऑक्टोबर ते मार्चमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये उपचार मिळतात, मध्ये नोकरी गेली तरी. दवाखान्याच्या रांगेला नावं ठेवणारे आमचे इंजिनिअर त्या पावसाळ्यात त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होते.

तर आता तुझं. ऑफिसचं मेडिक्लेम जरूर वापर, पण पहिल्या पगारातून स्वतःची एक पॉलिसी काढ, लहान का असेना. आणि आईवडिलांची वेगळी. तिघांची एकत्र काढलीस तर हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर बसतो. आईची तर आधी. आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं, मोतीबिंदू-हर्नियासारख्या ठरावीक गोष्टींना साधारण २४. ही मुदत ऑफिसचं कार्ड खिशात असतानाच सरू दे. ते कार्ड गेल्यावर मोजायला बसलीस तर मधली वर्षं उघड्यावर. हप्ता दोनदा कशाला, असं बाबा म्हणतील. त्यांना ती पाच ओळींची गोष्ट सांग.

एजंट फॉर्म भरताना ‘काही आजार नाही’वर स्वतःच टिक करून मोकळा होतो. त्याला करू देऊ नकोस. शुगर लपवली तर हप्ता थोडा वाचेल, पण क्लेमच्या वेळी तेच कागद काढून तुझ्यासमोर ठेवतील.

ऑफिसच्या पॉलिसीचा नंबर, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेची) ई-कार्डं आणि अटींचं पीडीएफ पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेव. आमच्याकडे ४१ जणांचे ऑफिसचे लॉगिन सकाळी अकराला बंद झाले. दुपारी त्यातले निम्मे मला फोन करून पॉलिसी नंबर विचारत होते.

येत्या रविवारी आईचे जुने रिपोर्ट घेऊन ये. पहिला रिपोर्ट कुठल्या सालचा आहे तेही बघ, फॉर्मवर विचारतात. आपण बसून भरू. पेढे चितळ्यांचे आण, आणि माझ्या शुगरबद्दल तुझ्या काकांपुढे बोलू नकोस.

तुझी,
मॅडम