न्यायवैद्यक मानसशास्त्र शिकताना माणूस आतून बदलतो का?

न्यायवैद्यक मानसशास्त्राच्या, म्हणजे गुन्हे आणि न्यायालयीन कामाशी जोडलेल्या मानसशास्त्राच्या, पदव्युत्तर शिक्षणाने स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलते का, असे आपण विचारले आहे. माझ्यापुरते उत्तर ‘होय’ असे आहे. इंग्रजांच्या काळात १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांची वसाहत आमच्या सोलापुरात होती. ते कायदे १९५२ पर्यंत रद्द झाले, तरी त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. मुलाखतीच्या सरावात एका सहाध्यायाने तिथल्या तरुणाची भूमिका केली, तेव्हा मी पहिल्याच ओळीत ‘नजर चुकवतो’ असे लिहिले, आणि बाईंनी चित्रफीत पुन्हा दाखवली तर तो सरळ माझ्याकडेच पाहत होता. मनात आधीच धरलेल्या समजुतीला पुष्टी देईल तेवढेच टिपण्याची ही वृत्ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. ती माझ्यात आहे, हे त्या दिवशी कळले आणि फार लाज वाटली. तेव्हापासून वहीचे पान दुभागून डावीकडे प्रत्यक्ष दिसलेले आणि उजवीकडे मला वाटलेले लिहिते. न्यायालयापुढे जाणाऱ्या अहवालात फक्त डावी बाजूच आधार म्हणून टिकते. उजवी बाजू मात्र मी रोज रात्री स्वतःसाठी वाचते.