पायथनमध्ये बदल घडवताना : वाचकांचे प्रश्न

पायथन वापरणारे अनेक वाचक आता पायथन घडवण्याच्या कामात उतरू पाहत आहेत. त्यांच्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे सीपायथनला, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या मुख्य इंटरप्रिटरला, धरून दिली आहेत.

प्रश्न : एकात एक असलेल्या दोन-तीन लूपमधून एकदम बाहेर पडता यावे म्हणून ‘ब्रेक’ला लूपचे नाव देण्याची सोय हवी. यासाठी रीतसर प्रस्ताव कसा द्यायचा?

हा प्रस्ताव येऊन गेला आहे. २००७ मध्ये पेप ३१३६ मध्ये (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा क्रमांक असलेला रीतसर प्रस्ताव) नेमकी हीच मागणी होती आणि भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी ती नाकारली. त्यांनी दोन कारणे दिली. एक, इतका गुंतागुंतीचा कोड क्वचितच लागतो आणि लागलाच तर आतले लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढून ‘रिटर्न’ने काम भागते. दुसरे, सोय मिळाली की ती गरज नसलेल्या ठिकाणीही वापरली जाईल. तुम्हाला हा विषय पुन्हा काढायचा असेल तर या दोन कारणांना उत्तर तयार ठेवा. नुसते ‘मला हवे आहे’ म्हणून चर्चा पुढे सरकत नाही, आणि ते योग्यच आहे. एकदा आलेले व्याकरण परत काढता येत नाही. संपादक, तपासणी साधने, पाठ्यपुस्तके या सगळ्यांना ते कायमचे सांभाळावे लागते.

कोणताही प्रस्ताव लिहिण्याआधी जुने पेप वाचा. नाकारलेले आणि लांबणीवर टाकलेलेही सोडू नका. उदाहरणार्थ, ‘नन’ (किंमतच नाही असे सांगणारी खूण) आल्यावर आपोआप थांबणारे ऑपरेटर मागणारा पेप ५०५ २०१५ पासून पडून आहे. तो वाचल्याशिवाय तीच मागणी केली तर पहिल्याच उत्तरात त्याचा क्रमांक समोर येतो.

पुढचा टप्पा पुराव्याचा. स्टँडर्ड लायब्ररीतल्या खऱ्या फाइली घ्या आणि तुमच्या सोयीने कोणत्या ओळी सुधारतात ते आधी-नंतर दाखवा. पेप ५७२ मध्ये, म्हणजे अभिव्यक्तीच्या आतच व्हेरिएबलला किंमत देणाऱ्या ‘वॉलरस’ ऑपरेटरच्या प्रस्तावात, ‘कॉपी’ आणि ‘डेटटाइम’ मॉड्यूलमधला खरा कोड असाच मांडलेला आहे. फू-बार छापाची बनावट उदाहरणे कोणालाही पटत नाहीत. ती सोय हवी म्हणूनच रचलेली असतात.

मग कल्पना थोडक्यात मांडून मते घ्या. तुम्ही स्वतः कोअर डेव्हलपर, म्हणजे मुख्य कोडमध्ये बदल घेण्याचा अधिकार असलेले, नसाल तर त्यांच्यापैकी एक जण प्रायोजक म्हणून उभा राहावा लागतो, त्याशिवाय पेपला क्रमांक मिळत नाही. प्रायोजक मिळेना, तर बहुतेक वेळा मुद्दा अजून पिकलेला नाही असे समजावे. मसुद्यात जुन्या कोडवर होणारा परिणाम, सुरक्षेचे प्रश्न, नवशिक्याला हे कसे शिकवायचे, नाकारलेले पर्याय आणि चालणारी नमुना अंमलबजावणी हे भाग असावेत. ‘नाकारलेले पर्याय’ हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. खरे तर चर्चेत पाचव्यांदा तोच मुद्दा आला की लेखकाला बोट दाखवता येते ते याच भागाकडे, म्हणून तो चर्चेबरोबर वाढवत न्या.

अंतिम निर्णय पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल घेते किंवा त्या एका पेपपुरता दुसऱ्या कोणाकडे सोपवते. पेप ५७२ वरचा वाद अत्यंत कडवट झाला. तो मंजूर केल्यानंतर जुलै २०१८ मध्ये गिडो अंतिम निर्णय देण्याच्या भूमिकेतून बाजूला झाले. त्यानंतर पेप ८०१६ नुसार ही कौन्सिल ठरली आणि २०१९ च्या सुरुवातीला पहिली निवडून आली.

प्रश्न : सी बऱ्यापैकी येते. सोर्स उतरवून बिल्ड केला, पण ‘एसएसएल’ मॉड्यूल नाही म्हणतो आणि काही टेस्ट पडतात. कुठे चुकते आहे?

बिल्ड संपताना आलेला मजकूर वर सरकवून पुन्हा वाचा. ऐच्छिक मॉड्यूलसाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत असे सांगून खाली नावे दिलेली असतात. ‘एसएसएल’साठी ओपनएसएसएल, ‘सीटाइप्स’साठी लिबएफएफआय, ‘झेडलिब’साठी झेडलिब आणि ‘एसक्यूलाइट३’साठी एसक्यूलाइट लागते. लायब्ररी संगणकावर असते, पण तिच्या हेडर फाइली नसतात, ही नेहमीची अडचण. लिनक्सवर त्या ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हल’ शेपूट असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. ती बसवल्यावर नुसते ‘मेक’ पुरत नाही. कोणती लायब्ररी आहे हे ‘कॉन्फिगर’ ठरवते आणि ते आपला जुना निष्कर्ष लिहून ठेवते, म्हणून ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवा.

‘कॉन्फिगर’ला ‘विथ-पायडीबग’ हा पर्याय द्यायला विसरू नका. त्याने सी कोडमधल्या अंतर्गत तपासण्या आणि रेफरन्सची (एखादी वस्तू कोणी कोणी धरून ठेवली आहे त्या नोंदींची) एकूण मोजदाद चालू होते. मात्र हा बिल्ड मुद्दाम संथ असतो, त्यावर वेग मोजून निष्कर्ष काढू नका. ‘मेक इन्स्टॉल’ची गरज नाही. इंटरप्रिटर सोर्सच्या फोल्डरमध्येच तयार होतो आणि तिथूनच चालवायचा. मॅकवर त्याच्या नावाला ‘ईएक्सई’ हे शेपूट दिसले तर घाबरू नका. तिथली फाइल सिस्टिम बहुधा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही आणि सोर्समध्ये ‘पायथन’ नावाचे फोल्डर आधीच असते, म्हणून ही तजवीज.

टेस्टचे म्हणाल तर सगळा संच चालवताना ‘जे’ला शून्य द्या, म्हणजे संगणकाचे सगळे कोअर कामाला लागतात. एकच टेस्ट हवी असेल तर तिचे नाव द्या. नेटवर्क किंवा डिस्कवर खूप जागा मागणाऱ्या टेस्ट आपणहून चालत नाहीत, त्यासाठी ‘यू’ पर्यायाला ‘ऑल’ द्यावे लागते. एखादी टेस्ट पडली की तीच टेस्ट ‘मेन’ ब्रांचच्या, म्हणजे मुख्य चालू कोडच्या, हात न लावलेल्या प्रतीवर चालवा. तिथेही पडत असेल तर दोष तुमच्या बदलाचा नाही.

सीमध्ये बदल केला असेल तर गळती, म्हणजे रेफरन्स सोडायचा राहून मेमरी अडकून पडणे, तपासा. नवख्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. यादीत वस्तू घालणारी दोन फंक्शने घ्या. ‘पायलिस्ट सेटआयटम’ तुमच्या हातातला रेफरन्स स्वतःकडे घेते, त्यामुळे तुम्ही तो सोडायचा नाही. ‘पायलिस्ट अपेंड’ स्वतःचा वेगळा रेफरन्स वाढवते, त्यामुळे तुमचा तुम्हीच ‘डेकरेफ’ने सोडायचा. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की एका बाजूला गळती आणि दुसऱ्या बाजूला मोकळी झालेली मेमरी वापरल्याने क्रॅश. गळतीत टेस्ट पास होतात, म्हणून ती लक्षात येत नाही. टेस्टला मोठ्या ‘आर’ पर्यायात ३:३ द्या. पहिल्या तीन फेऱ्या तयारीच्या, पुढच्या तीन मोजायच्या. मोजणीत १, १, १ असे सारखे आकडे आले तर दर फेरीत एक रेफरन्स नक्की गळतो आहे. आकडे वर-खाली होऊन बेरीज शून्याकडे जात असेल तर तो बहुधा कॅशचा परिणाम असतो. फेऱ्या वाढवून पुन्हा पाहा.

गळतीचे मूळ बऱ्याचदा मुख्य वाटेवर नसून चूक झाल्यावर घेतल्या जाणाऱ्या वाटेवर असते. फंक्शनच्या मध्यावर दुसऱ्या फंक्शनला दिलेली एखादी हाक अपयशी ठरते, लगेच ‘नल’ परत केले जाते आणि तोवर घेतलेले रेफरन्स तसेच राहतात. प्रत्येक ‘रिटर्न नल’जवळ थांबून आत्ता हातात काय काय आहे ते मोजा.

प्रश्न : बग दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) दिली, दोन महिने झाले, कोणी पाहिलेही नाही. हे नेहमीचेच आहे का?

दुर्दैवाने, हो. उघड्या पुल रिक्वेस्ट हजाराहून जास्त आहेत आणि त्या तपासणारे थोडे. बहुतेक जण आपल्या मोकळ्या वेळात हे काम करतात. म्हणून तपासणाऱ्याचा वेळ वाचेल अशी रचना करणे एवढेच आपल्या हाती असते.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेवा. जाताजाता रिकाम्या जागा नीट करणे, व्हेरिएबलची नावे बदलणे असे काही घुसडू नका. त्याने बघायच्या ओळी तिप्पट होतात आणि खरा बदल हरवतो. सोबत अशी टेस्ट द्या, जी तुमच्या दुरुस्तीशिवाय पडते आणि दुरुस्तीनंतर पास होते. ही टेस्ट नसेल तर बग होता हेच तपासणाऱ्याला स्वतः सिद्ध करावे लागते. शीर्षकात इश्यूचा (नोंदवलेल्या दोषाचा) क्रमांक हवा. वापरणाऱ्याला जाणवणारा बदल असेल तर ‘ब्लर्ब’ साधनाने बातमीची छोटी नोंद जोडा. योगदान करारावर सही नसेल तर तपासणीची खूण लालच राहते. सही करूनही ती लाल असेल तर कमिटमधला ईमेल पत्ता वेगळा आहे का ते बघा.

सुधारणा सुचवल्या गेल्या तर नवे कमिट वर चढवा, जुने पुसून फोर्स-पुश करू नका. पुसले की तपासणाऱ्याला मागच्या वेळेपासून काय बदलले ते दिसत नाही. मर्ज होताना सगळे कमिट एकत्र होतातच, त्यामुळे इतिहास नीटनेटका करण्यात हशील नाही. ‘चेंजेस रिक्वेस्टेड’ अशी खूण लागली असेल तर बदल केल्यावर बॉटने (आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामने) सांगितलेले वाक्य जसेच्या तसे लिहा, तेव्हाच काम पुन्हा तपासणाऱ्याच्या रांगेत जाते.

महिनाभर कोणीच काही बोलले नाही तर इश्यूवर एकदा नम्र आठवण द्यावी, असा संकेत आहे. दर आठवड्याला नको. त्या मॉड्यूलची जबाबदारी कोणाकडे आहे हे प्रकल्पाच्या तज्ज्ञ-यादीत सापडते.

प्रश्न : पायथनची नवी आवृत्ती आली की आमच्या एखाद्या पॅकेजचा घात होतो. आधी कळायची सोय नाही का?

सोय आहे, ती डोळ्यांआड राहते. पेप ३८७ नुसार एखादी गोष्ट काढण्यापूर्वी किमान दोन आवृत्त्यांमध्ये सूचना द्यावी लागते. पण ‘डेप्रिकेशनवॉर्निंग’ मुख्य स्क्रिप्ट सोडून इतर मॉड्यूलमधून आली तर आपोआप दडवली जाते. पॅकेजचा कोड इतरत्रच असतो, त्यामुळे ती कोणी पाहत नाही. टेस्ट चालवताना ‘डब्ल्यू’ पर्यायाला ‘एरर’ द्या, म्हणजे प्रत्येक सूचना एक्सेप्शन होऊन समोर येते. फार गोंधळ झाला तर ‘एक्स डेव्ह’ वापरा, त्यात त्या निदान दिसतात.

‘डिस्टयूटिल्स’ आणि ‘इम्प’ ३.१२ मध्ये गेले. ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’, ‘क्रिप्ट’ अशी जुनी मॉड्यूल पेप ५९४ नुसार ३.१३ मध्ये गेली. सगळ्यांची सूचना आधी मिळत होती.

वेळापत्रकही ठरलेले आहे. दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि त्याच वर्षीच्या मेच्या सुमारास पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती. बीटापासून नवी सोय घेतली जात नाही, फक्त दुरुस्त्या होतात. तुमची टेस्ट बीटावर चालवून बग कळवला तर अंतिम आवृत्तीआधी तो सुटण्याची शक्यता चांगली असते. ऑक्टोबरनंतर कळवलेल्या वर्तनावर तोवर इतरांचा कोड उभा राहिलेला असतो. ३.१३ पासून पहिली दोन वर्षे बग-दुरुस्ती, पुढची तीन वर्षे फक्त सुरक्षा-दुरुस्ती मिळते. या दुसऱ्या काळात फक्त सोर्स प्रसिद्ध होतो, विंडोज आणि मॅकचे इन्स्टॉलर येत नाहीत.

प्रश्न : ‘जिल’ काढून टाकायची चर्चा वर्षानुवर्षे चालली होती. मग आताच कसे जमले?

एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) पायथनचा कोड चालवेल याची खबरदारी घेणारे हे कुलूप. ते काढण्याचे प्रयत्न नव्वदच्या दशकातच झाले होते, पण एका थ्रेडचा वेग फार घटत असे. २००७ मध्ये गिडोंनी अट स्पष्ट केली की एका थ्रेडचा प्रोग्राम संथ होणार नसेल तरच बदल स्वीकारू. २०१६ मधला लॅरी हेस्टिंग्ज यांचा ‘जिलेक्टमी’ प्रयत्नही वेगापाशीच अडला. सॅम ग्रॉस यांनी मात्र पेप ७०३ सोबत चालणारा इंटरप्रिटर आणि मोजमापे ठेवली. त्यामुळे चर्चा ‘शक्य आहे का’ यावरून ‘किंमत किती’ यावर आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कौन्सिलने तो स्वीकारला, पण टप्प्याटप्प्याने आणि नुकसान दिसल्यास मागे फिरण्याची मुभा ठेवून.

३.१३ मध्ये हा वेगळा बिल्ड प्रायोगिक होता आणि एका थ्रेडवर सुमारे ४० टक्के संथ. ३.१४ मध्ये ही घट साधारण ५ ते १० टक्क्यांवर आली आणि बिल्डला अधिकृत पाठिंबा मिळाला. तरी तो ऐच्छिकच आहे. वापरून पाहणार असाल तर एक गोष्ट तपासा. सीमध्ये लिहिलेले एखादे एक्स्टेन्शन जिलशिवाय चालण्यास तयार असल्याचे सांगत नसेल, तर ते इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर एक सूचना देऊन जिल पुन्हा चालू करतो. ती सूचना नजरेतून सुटली की ‘काहीच फरक पडला नाही’ असे वाटते. ‘सिस’ मॉड्यूलमध्ये जिल चालू आहे का हे विचारणारे फंक्शन आहे, सगळे इम्पोर्ट झाल्यावर ते एकदा चालवा.

प्रश्न : सी येत नाही. तरी काही करता येईल?

जुने इश्यू घ्या आणि तो दोष आजच्या ‘मेन’ ब्रांचवर दिसतो का ते तपासा. ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्ती आणि बाहेरचे एकही पॅकेज न लागणारा दहा-बारा ओळींचा कोड लिहून उत्तर द्या. लांबलचक प्रोग्राम एकेक ओळ काढत लहान करणे हेच खरे काम, आणि तेच बहुतेक इश्यूंमध्ये झालेले नसते. लहान करताना दोष एखाद्या बाहेरच्या पॅकेजचा निघाला, तर तो इश्यू बंद होतो, हेही योगदानच आहे. सुरक्षेचा दोष सापडला तर मात्र उघड इश्यू करू नका, तो पायथनच्या सुरक्षा-पथकाला खासगीत कळवा.