गेडिसची पत्रं वाचायला बसताय तर

स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिसचं अक्षर बघून पहिल्या दिवशी घाबरू नका, सगळ्यांचंच तसं होतं. मी तर अर्धा तास एकाच ओळीवर बसलो होतो, शेवटी ती सही निघाली! कागदपत्रं मुख्यतः दोन ठिकाणी आहेत, ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीत आणि एडिनबरोच्या नॅशनल लायब्ररीत, त्यामुळे एकीकडे प्रश्न आणि दुसरीकडे उत्तर असं होऊ शकतं, दोन्ही कॅटलॉग आधी चाळा.

तारीख नसेल तर पत्ता बघा. स्कॉटलंडमधल्या डंडीला तो 1888 ते 1919 बॉटनीचा प्रोफेसर, पण शिकवायचा फक्त उन्हाळ्याच्या टर्मला, एरवी घर एडिनबरोत. आपल्या मुंबई युनिव्हर्सिटीत 1919 ते 24 सोशिऑलॉजी आणि सिव्हिक्स (समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्याचेच विद्यार्थी), मग फ्रान्समधलं माँपेलिए. एवढ्यावर बरंच काम भागतं.

आणि कामाची पत्रं वेगळी, घरची वेगळी असं करू नका हो, ही चूक सगळे नवीन लोक करतात. 1917 चंच घ्या, एप्रिलमध्ये मुलगा अ‍ॅलस्डर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, बायको अ‍ॅना इकडे हिंदुस्थानात आजारी, तिला सांगितलंच नाही, उलट मुलाची जुनी पत्रं तिला वाचून दाखवत राहिला, आणि जूनमध्ये कलकत्त्यात तीही गेली. त्यानंतरची त्याची नगररचनेची पत्रं वाचताना हे डोक्यात ठेवा. शहरांवर लिहिणारा अमेरिकन लेखक लुईस मम्फर्ड, त्याच्याशी पत्रव्यवहारही त्याच वर्षी सुरू झाला, भेट मात्र थेट 1923 ला.