पिवळी पडणारी हिरवळ आणि फिकट एक्झोरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टिळकवाडीतील आमच्या घरासमोर हरळीची सुमारे ८०० चौरस फुटांची हिरवळ आहे. जुलैअखेरपर्यंत ती उत्तम होती. गणपतीनंतर मात्र जागोजागी पिवळे चट्टे दिसू लागले. पाणी कमी पडत असावे असे समजून रोज पाणी दिले, युरियाही टाकला, तरीही चट्टे पसरतच आहेत. कोणते औषध मारावे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : औषध विकत घेण्यापूर्वी चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून वर ओढून पाहावे. गवत केवळ पाण्यावाचून सुकले असेल, तर मुळे मातीला धरून राहतात आणि ते सहज उपटत नाही. ते सतरंजीसारखे अलगद उचलले गेले, तर मुळे कोणीतरी खाल्ली आहेत असे समजावे. तिथेच खुरप्याने वीतभर माती उकरली, की तपकिरी डोक्याची, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरट अळी सापडेल. ती हुमणी. चिकोडी-रायबाग भागातील ऊस उत्पादकांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही, परंतु शहरातील बंगल्यांच्या अंगणात ती फार उशिरा लक्षात येते. साळुंक्या आणि कावळे हिरवळीत एकाच जागी सारखे चोच मारताना दिसत असतील, तर तोही तिचाच पुरावा मानावा.

हे संकट सप्टेंबरमध्ये दिसत असले, तरी त्याची सुरुवात वळवाच्या पावसात झालेली असते. एप्रिल-मेमधील पहिल्या चांगल्या सरीनंतर जमिनीतून भुंगेरे, म्हणजे हुमणीचे प्रौढ कीटक, बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमून पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि माद्या जमिनीत अंडी घालतात. अळ्या लहान असतात तोवर पावसाळ्यातील जोमदार वाढ नुकसान झाकून टाकते, पण ऑगस्टनंतर त्या मोठ्या होतात आणि त्याच सुमारास पाऊसही ओसरतो, त्यामुळे अर्धवट मुळांवर उभे असलेले गवत एकाएकी पिवळे पडते. मूळच शिल्लक नसताना दिलेला युरिया गवताच्या उपयोगी पडत नाही, उलट उरलीसुरली मुळे त्याने करपण्याची भीती असते, म्हणून तो ताबडतोब थांबवावा.

पूर्ण वाढलेल्या अळीवर औषधांचा परिणाम फारसा होत नाही, आणि जिथे मुले अनवाणी खेळतात त्या जागेत जहाल कीटकनाशक ओतणे मला मान्य नाही. इतक्या लहान क्षेत्रात हातांनी केलेले काम अधिक खात्रीचे असते. चट्टे व त्यांच्याभोवतीची फूटभर जागा खणावी, अळ्या वेचून साबणाच्या किंवा रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकाव्यात, नंतर पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून जागा सपाट करावी आणि हरळीच्या गाठी असलेल्या कांड्या चार-चार बोटांच्या अंतराने लावाव्यात. हे काम ऑक्टोबरच्या आत उरकावे. माती कोरडी होऊ लागली की अळ्या खोल जातात, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबरच्या थंड रात्रींत हरळीची वाढ मंदावते.

पुढील वर्षी वळवानंतर संध्याकाळी सात-आठच्या सुमारास अंगणातील कडुनिंबाची फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत. शेजाऱ्यांनाही सोबत घ्यावे, कारण भुंगेरे कुंपण पाळत नाहीत. जून-जुलैमध्ये अळ्या लहान असताना मेटारायझियम ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीवर संध्याकाळी पसरावी. त्या दिवसांत बुरशीनाशक मात्र वापरू नये.

आता पाण्याविषयी. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच्यावरच राहतात. पाऊस थांबल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, वीतभर माती भिजेल इतके पाणी द्यावे. कापणी करताना पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये.

प्रश्न : अथणीतील आमच्या नव्या घराच्या भिंतीलगत एक्झोरा हे फुलझाड लावले आहे. जुनी पाने हिरवी आहेत, पण नवी पाने पिवळी येतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत भरपूर दिले आहे. (एक वाचक, अथणी)

उत्तर : आपले वर्णन इतके नेमके आहे, की निदान करणे सोपे झाले. ही लोहाची उणीव आहे. एक्झोराला किंचित आम्ल जमीन मानवते, तर आपल्या भागातील काळ्या मातीत अनेक ठिकाणी चुनखडी असते. त्यात नव्या बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा भिंतीच्या पायथ्याशी मिसळलेला असणारच. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकावे, फेस आला तर मुक्त चुना आहे असे समजावे.

तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजेच हिराकस, आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून दर पंधरा दिवसांनी दोन-तीन वेळा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानांवर फवारावे. हिराकस मातीत टाकल्यास तोही लवकरच निरुपयोगी होतो. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी देत असाल, तर निदान या झाडापुरते पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. मला विचाराल तर एक्झोरा लाल माती भरलेल्या मोठ्या कुंडीत हलवावा आणि भिंतीलगत बोगनवेल लावावी. त्या मातीत ती तक्रार न करता फुलेल.

प्रश्न : खानापुरात आंब्याखाली हिरवळ टिकत नाही, शेवाळच वाढते. चुना टाकू का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपल्याकडील भरपूर पावसात धुपलेली जांभ्याची माती बहुधा आम्ल असते, त्यामुळे माती तपासून घेतल्यावर थोडा चुना देण्यास हरकत नाही. पण मूळ अडचण सावलीची आहे. हरळीला दिवसातून निदान सहा तास ऊन हवे, आणि दाट आंब्याखाली ते मिळणे शक्य नाही. तिथे रुंद पानांचे कार्पेट गवत लावून पाहावे. तेही विरळ झाले, तर गवताचा हट्ट सोडून आंब्याचाच पाला खाली पसरू द्यावा. मुळे झाकली गेल्याने आंब्यालाही ते मानवेल.