कमेंट तेवीस, धडा एक

नाशिक, रविवार

बाळा,

तू रात्री पाठवलेला स्क्रीनशॉट आज सकाळी सोमेश्वरहून फिरून आल्यावर नीट वाचला. तू तपासायला दिलेल्या कोडवर, म्हणजे एका पुल रिक्वेस्टवर, सीनियरच्या तेवीस कमेंट, आणि मधेच ते वाक्य: 'हे कॉलेजचं सबमिशन आहे का?' तेही अख्ख्या टीमला दिसेल असं. रडू आलं असेल तर आलं, त्यात कमीपणा काही नाही.

मी वही घेतली आणि त्या कमेंट साध्या मराठीत उतरवल्या, फक्त मुद्दा, बोलण्याचा सूर गाळून. नऊ कमेंट एकाच गोष्टीबद्दल निघाल्या: तू लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली आहेस. पाचशे ऑर्डर असल्या की तुझा कोड पाचशे वेळा डेटाबेसकडे जाणार. टेबलं एकत्र जोडून एका जॉइनमध्ये भागलं असतं. इथे त्यांचं बरोबर आहे आणि हे तुला आलंच पाहिजे. अकरा कमेंट नावं, स्पेस, न वापरलेले इम्पोर्ट यांच्या. ते काम लिंटरचं, म्हणजे असल्या चुका आपोआप शोधणाऱ्या टूलचं, कोड पुश करून टीमकडे पाठवण्याआधी ते चालवत जा. दोन ठिकाणी मला तुझंच पटलं. तिथे गप्प बसू नकोस, तू तसं का लिहिलंस ते दोन ओळींत सांग. उरलं ते कॉलेजवालं वाक्य. त्यात कोडबद्दल एक अक्षर नाही, म्हणून ते वहीत आलं नाही.

पण सोडूनही देऊ नकोस. सीनियरला वेगळा फोन कर आणि शांतपणे सांग, 'सर, चूक दाखवा, मी दुरुस्त करते. पण सगळ्यांसमोर या शब्दांत नको.' या क्षेत्रात असंच बोलतात, असं कुणी म्हणेल. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि कोडमधले बदल नोंदवणारं गिट घडवणारे लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं ईमेलमधून लोकांना सोलून काढायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनीच जाहीर माफी मागितली, स्वतःच्या वागण्यावर मदत घ्यायला रजा घेतली आणि ऑक्टोबरात परतले. तेवढ्या दिवसांत कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम अडलं नाही.

आता मला खरी काळजी ज्याची वाटते ते. स्क्रीनशॉटवर तुझ्या कमिटची, म्हणजे कोडमधला बदल नोंदवल्याची, वेळ रात्री १:४० दिसते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सलग चार रात्री जागून पाचव्या रात्री प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या डेटाबेसवर, एक अपडेट चालवला. एकच ओळ बदलायची होती. एंटर दाबल्यावर स्क्रीनवर आलं: एकेचाळीस हजार ओळी बदलल्या. कुठली ओळ बदलायची ते सांगणारं 'वेअर' लिहायचंच राहिलं होतं. ती क्वेरी मी चालवण्याआधी दोनदा वाचली होती, बाळा. दोन्ही वेळा मला ते नसलेलं 'वेअर' दिसलं होतं. बॅकअपवरून सगळं परत यायला सकाळ झाली आणि नंतर बोलणी खाल्ली ती माझ्या हुशारीवरून. मी किती रात्री झोपलो नव्हतो हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते न सांगणं मला आजही लागतं.

शरीराचंही ऐक. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तू मागच्या आठवड्याचे तास मोजून बघ.

उद्या सकाळी सीनियरला लिहून पाठव: हातात ही तीन कामं आहेत, प्रत्येकाला अंदाजे इतके तास लागतील, शुक्रवारपर्यंत दोनच होतील, कुठलं मागे ठेवू? 'जमत नाही' म्हणायचं नाही, तास मांडायचे. उत्तरही लेखी घे. घरूनच काम करतेस, म्हणून साडेआठला लॅपटॉप बॅगेत आणि बॅग कपाटात. जेवणाच्या टेबलावर तो उघडा असला की तुझी आई वाढतानाही दबकून बोलते, मी पाहिलंय. दोन-तीन महिन्यांत काहीच बदललं नाही, तर रेझ्युमे काढू, मी बसेन सोबत.

आणि झोपच लागेनाशी झाली, सकाळी लॅपटॉप उघडताना छातीत धडधडायला लागलं, तर आईला सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. मलाही केव्हाही फोन कर, रात्रीचे दोन असले तरी.

बुधवारी संध्याकाळी कॉलेज रोडला ये. वही आण. ती क्वेरी लूपबाहेर कशी काढलीस ते मला बघायचंय.

तुझा,
काका