दोष दांड्याचा की पेटीचा?

1969 ची शेव्हर्ले शेव्हेल घेतली. विकणारा म्हणाला, "ओरिजिनल हर्स्ट शिफ्टर आणि एम-22 गिअरबॉक्स." खरं-खोटं कसं ओळखू? – एक वाचक, न्यू जर्सी

विकणाऱ्याने दोन दावे एका दमात केलेत, ते आधी वेगळे करू: शिफ्टर म्हणजे गिअर टाकायचा दांडा आणि त्याचा सांगाडा (हर्स्ट ही तो बनवणारी कंपनी), आणि एम-22 म्हणजे त्याखालची गिअरची पेटी.

शिफ्टरसाठी गाडीखाली जायचीही गरज नाही. दांड्याचं रबरी बूट वर सरकवा. दांडा दोन बोल्टनी आवळलेला असेल, तर तो बाजारात मिळणारा हर्स्ट कॉम्पिटिशन प्लस, म्हणजे नंतर कुणीतरी बसवलेला. बोल्ट दिसत नसतील आणि दांडा नुसता खाचेत खोचलेला असेल, तर तो कारखान्यातला. त्याच्या आत स्प्रिंगची पट्टी असते. फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) पातळ पात दांड्याच्या कडेने आत सरकवली की तो अलगद वर येतो. हिसका मारून उपटू नका. शेव्हर्लेने या गाड्यांना 1969 पासून हर्स्ट दिला. पाँटिअ‍ॅक जीटीओला तो 1964 पासूनच होता. म्हणून शेव्हर्लेच्याच 1967 च्या कॅमेरोत "कंपनीचा हर्स्ट" असं कुणी सांगितलं, तर हसून ऐकून घ्यावं.

आता पेटी. गाडी स्टँडवर चढवा (नुसत्या जॅकवर नाही), चाकांना ठोकळे लावा आणि डाव्या बाजूचं झाकण पाहा. नऊ बोल्ट असतील तर ती बोर्ग-वॉर्नर कंपनीची टी-10 पेटी. सात असतील तर मन्सी किंवा सॅगिनॉ (दोन्ही जनरल मोटर्सच्या पेट्या), आणि या दोघींतला फरक रिव्हर्सच्या लिव्हरवरून कळतो. तो झाकणातूनच निघत असेल तर सॅगिनॉ, मागच्या शेपटातून निघत असेल तर मन्सी. एम-22 ही मन्सीच असते, त्यामुळे सॅगिनॉ निघाली तर विषय तिथेच मिटला.

मन्सी निघाली तर पेटीच्या उजव्या अंगावरचा ठसा वाचा. तारेच्या ब्रशने घासलं की उमटतो. समजा 'पी 9 ई 12 बी' असं आहे: पी म्हणजे मन्सी, 9 म्हणजे 1969, ई म्हणजे मे, 12 ही तारीख. शेवटचं अक्षर तुमच्या कामाचं. ए असेल तर एम-20, बी तर एम-21, सी तर एम-22. अर्थात ठसा सांगतो तो पेटी बनली त्या दिवशीचा माल. पन्नास वर्षांत आतले गिअर बदलले असतील तर त्याला ते ठाऊक नाही. एक चक्कर मारून या. एम-22 चे दात कमी तिरके कापलेले असतात, म्हणून ती चालताना किंचाळते. 'रॉक क्रशर' हे नाव त्यावरूनच पडलं. गाडी गुपचूप चालली तर शंका घ्या.

पहिल्यातून दुसरा टाकताना दांडा मध्येच अडकतो. मेकॅनिक म्हणतो, पेटी उघडावी लागेल. – एक वाचक, ह्यूस्टन

थांबा. पेटीच्या माथी मारलेले निम्मे गुन्हे दांडा आणि पेटी जोडणाऱ्या रॉडांचे असतात. मुंबईत ज्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवलीय त्यांना हे सांगायला नको: दांडा स्टिअरिंगला, पेटी कुठेतरी खाली, आणि मधला सगळा कारभार रॉडांचा. मी स्वतः एकदा अख्खी पेटी उतरवली, उघडली, काही सापडलं नाही म्हणून परत चढवली. दोष निघाला झिजून अंड्याच्या आकाराचं झालेल्या, रॉडच्या टोकाला बसणाऱ्या नायलॉनच्या एका बुशिंगचा. खांदा आठवडाभर दुखत होता.

तेव्हा आधी बुशिंग पाहा. रॉड बोटांनी हलवा. खुळखुळला तर नवीन घाला. मग जुळणी. दांडा न्यूट्रलला आणा. शिफ्टरच्या सांगाड्यात आरपार भोक असतं, त्यातून पाव इंची ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घाला. तिन्ही लिव्हरच्या खाचा एका रेषेत असतील तरच ती पार जाते. पेटीवरचे लिव्हरही न्यूट्रलला ठेवा. आता एकेका रॉडची क्लिप काढा. रॉडचं टोक लिव्हरच्या भोकात आपसूक बसलं पाहिजे. ढकलावं लागलं, ओढावं लागलं, की जुळणी चुकली. टोकाचं बटण आट्यांवर फिरवून लांबी कमी-जास्त करा. अर्ध्या फेऱ्यानेही फरक पडतो.

शेवटी शिफ्टरचे स्टॉप बोल्ट (दांडा किती पुढे-मागे जाईल ते रोखणारे), ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. दोन्ही जवळजवळ बाहेर काढा. दांडा तिसऱ्यात घट्ट दाबून धरा, त्या बाजूचा बोल्ट टेकेपर्यंत आत फिरवा, दांडा सोडा, बोल्ट एक फेरा मागे घ्या आणि नट आवळा. चौथ्यातही तसंच. हे नसलं की तुमच्या हाताचा सगळा जोर पेटीतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जातो.

एवढं करूनही अडकला, तर मेकॅनिक बरोबर होता.

1969 च्या कॅमेरोची चावी निघतच नाही. स्विच खराब झालाय का? – एक वाचक, शिकागो

रिव्हर्स टाका आणि मग काढा. त्या वर्षी जनरल मोटर्सने चावी डॅशबोर्डवरून स्टिअरिंग कॉलमवर नेली, आणि मॅन्युअल गाडीत रिव्हर्स पडल्याशिवाय ती लॉकपर्यंत फिरत नाही. रिव्हर्सच्या लिव्हरपासून कॉलमपर्यंत एक रॉड जातो. शिफ्टर बदलताना लोक तो "जास्तीचा" म्हणून काढून फेकतात. खाली वाकून पाहा, तुमच्याकडे आहे का.

चौथा गिअर वेगात असताना निसटतो. – एक वाचक, सॅन होजे

तिसऱ्या-चौथ्याचा रॉड सोडा आणि पेटीवरचा लिव्हर हाताने चौथ्यात ढकला. 'खट्' होऊन पूर्ण बसला, पण रॉड परत जोडताना भोक जुळेना, तर वरची जुळणी करा. जुळत असेल तर इंजिनाचे आणि पेटीचे रबरी माउंट फाटलेत का बघा. तेही ठीक असतील तर संशय बेलहाऊसिंगवर (इंजिन आणि पेटी यांना जोडणारं घंटेच्या आकाराचं घर). चौथ्यात पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. दोघांची मध्यरेषा चुकली की त्यांना जोडणारी स्लीव्ह हळूहळू मागे सरकते. डायल गेजने मोजा, पाच हजारांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. ऑफसेट डॉवेल (मध्य बाजूला सरकवलेल्या खुंट्या) घालून तो दुरुस्त होतो.

ऑइल कुठलं घालू? – तेच वाचक

80डब्ल्यू-90, पण डब्यावर जीएल-4 (हा ऑइलचा दर्जा) लिहिलेलं. जीएल-5 डिफरन्शियलमध्ये घाला. पेटीतल्या पितळी सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना ते मानवत नाही. आणि ओतण्याआधी भरायचा प्लग सुटतो का पाहा, मगच खालचा उघडा. उलट केलंत आणि वरचा गंजून बसला असेल, तर रिकामी पेटी घेऊन गॅरेजात बसाल.