आधी सापाला काय कळतं ते बघ

तू नवा सर्पमित्र, साप निघाल्याचा कॉल आला की तुझा हात पहिला साप धरायच्या स्टिककडे जातो. थांब जरा. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या सोसायट्यांमध्ये खरा गोंधळ माणसांचाच असतो. सापाला बाहेरचा कान नसला तरी तो ठार बहिरा नाही. खालच्या पट्टीतले आवाज त्याला थोडेफार कळतात. पण जास्त कळते ती जमिनीची थरथर. खालच्या जबड्याच्या हाडातून ती आतल्या कानापर्यंत जाते. म्हणून आरडाओरड्याआधी धावपळ थांबव. पुंगीवर नाग डोलतो म्हणणारे काका भेटतीलच. नाग पुंगीची हालचाल बघत असतो, पण तिथे वाद घालू नकोस, काकांना मागे सरकव.

मग जिभेकडे लक्ष दे. दुभंगलेली जीभ हवेतले, जमिनीवरचे गंधकण टिपते आणि ते टाळूतल्या, गंध ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापर्यंत पोचतात. दोन टोकांवर गंध कमीजास्त लागला की दिशा कळते. लपलप वाढली म्हणजे तो तुझी चौकशी करतोय, चावायला निघालाय असं नाही.

चापडा हा विषारी साप असेल तर डोळा आणि नाकपुडीच्या मधला खड्डा दुरूनच बघ. त्यातून त्याला उष्णता कळते, त्यामुळे अंधारातही तुझा हात लपत नाही. घोणशीला असा खड्डा नसतो.

आणि डोळे दुधी-निळसर दिसले की समज, कात टाकायची वेळ जवळ आलीय. नजर अधू झालेली असते, साप जास्त बिचकतो. अशा वेळी पुढे जुना माणूस जाईल. तू टॉर्च धर आणि गर्दी सांभाळ.